पलटण पीसला येतेय, मुलांना घेऊन जाऊ का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका पलटणीत (बटालियनमध्ये) नायक आहेत. लग्नाला सात वर्षं झाली, तेवढ्यात पलटणीच्या तीन जागा झाल्या आणि तुम्ही दोघं एका छपराखाली राहिलात ते सगळे मिळून चौदा महिने. आता पलटण फील्डमधून (सरहद्दीकडून) पीसला (छावणीत) जाणार अशी कुजबुज आहे. मुलगी दुसरीत, धाकटा तीन वर्षांचा, आणि गावाजवळच्या शाळेत तुमची करारावरची नोकरी. पलटण नव्या जागी किती वर्षं राहील, तिथून पुढे कुठे जाईल आणि हे सगळं सोडून मी जाऊ का, असं तुम्ही विचारलंय.

मी 1988 ला बेळगावला भरती झालो आणि 2018 ला सुभेदार म्हणून पेन्शन आलो. पलटणीचा नंबर सांगत नाही, ती सवय गेलेली नाही. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांना तारखेनिशी उत्तर माझ्याकडेच काय, तुमच्या मिस्टरांच्या सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांकडेही पक्कं नसेल. तिसऱ्याचं उत्तर मात्र देता येतं. पण त्याआधी सात वर्षांतले चौदाच महिने का मिळाले ते समजून घ्या, कारण पुढच्या सात वर्षांतही तोच हिशोब लागणार आहे.

इन्फंट्रीचा माणूस भरती होतो तो एका पलटणीत, आणि बहुतेक वेळा त्याच पलटणीतून पेन्शन जातो. त्यामुळे बदली होते ती आख्ख्या पलटणीची. आठशेच्या आसपास माणसं, हत्यारं, गाड्या, मंदिर, मेसमधली चांदीची भांडी, बँडचं सामान, सगळं एका जागेवरून उठतं आणि दुसरीकडे बसतं. साधारण दोन ते तीन वर्षं फील्ड, मग तेवढीच पीस, असा फेरा असतो. फील्ड म्हणजे एलसी, म्हणजे नियंत्रण रेषा, चीनकडची उंचावरची सरहद्द, किंवा काश्मीर आणि ईशान्येकडचा दहशतवादविरोधी इलाका. पीस म्हणजे छावणी, जिथे बायकोमुलं आणता येतात. कुठली पलटण कुणाची जागा घेणार याचं वेळापत्रक सेना मुख्यालयात बरंच आधी बनतं. त्यात साधा न्याय पाळायचा प्रयत्न असतो: अवघड जागेनंतर सोपी, उंचावरून आलेल्यांना लगेच पुन्हा उंचावर पाठवायचं नाही.

पण हा झाला पलटणीचा फेरा. तुमच्या मिस्टरांचा फेरा वेगळा, आणि घरच्यांचा गोंधळ इथेच होतो. पलटण पीसला असताना जवान राष्ट्रीय रायफल्सला जाऊ शकतो. 1990 साली उभं राहिलेलं हे दल मुख्यतः जम्मू-काश्मीरमध्ये असतं. तिथे युनिट सहसा जागेवरून हलत नाही, माणसं दोन-अडीच वर्षांनी बदलतात. मराठा लाइट इन्फंट्रीला जोडलेल्या त्यांच्या चार बटालियन आहेत: 17, 27, 41 आणि 56. म्हणजे पलटण मैदानी छावणीत, तिथलं क्वार्टर जवळजवळ हातात आलेलं, आणि नवरा पुन्हा खोऱ्यात, असं होतं. उलटही होतं. पलटण एलसीवर आणि माणूस बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला इन्स्ट्रक्टर, नाहीतर एखाद्या एनसीसी बटालियनला. माझ्या तीस वर्षांतली बायकोच्या दृष्टीने सगळ्यात सुखाची अडीच वर्षं पलटणीबाहेरच गेली, सेंटरला रिक्रूट शिकवण्यात. संध्याकाळी घरी जेवायला मिळायचं. तेव्हा मला मात्र पलटण सोडून बसल्यासारखं वाटायचं, आता हसू येतं.

तेव्हा पलटण कुठे जाणार एवढंच विचारून भागत नाही. मिस्टरांना विचारा की हवालदाराचं केडर (बढतीचा कोर्स) कधी आहे, आरआरची (राष्ट्रीय रायफल्सची) पाळी झाली की बाकी आहे, आणि कंपनीत त्यांच्या वरच्या नंबराचे किती जण आरआरला जाऊन आले. या तीन उत्तरांवरून पुढच्या दोन वर्षांचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

आता पीसमधल्या वेळाचा हिशोब. अडीच वर्षांचं पीस म्हणजे तीस महिने एकत्र, असं आपण गावी बसून धरतो. पलटण पोचते तेव्हा आधीची पलटण क्वार्टर खाली करत असते, एमईएसची (लष्कराच्या बांधकाम खात्याची) डागडुजी चाललेली असते. क्वार्टर पलटणीतल्या सगळ्यांना पुरतील एवढी कधीच नसतात, सीनियॉरिटी रोल (ज्येष्ठतेची यादी) लागतो आणि नायकाचा नंबर यायला वेळ जातो. माझा एकदा नऊ महिन्यांनी आला होता. काही जण एचआरए (घरभाडे भत्ता) घेऊन बाहेर खोली घेतात, ते स्टेशनवर आणि परवानगीवर अवलंबून. मग फील्ड फायरिंग. महाजनसारख्या रेंजवर राजस्थानात पलटण आठवडे काढते. त्यानंतर एक्सरसाइज, केडर, गार्ड ड्युट्या, शिवाय कुठे पूर आला की मदतीची तुकडी निघते. सकाळी पीटी, दुपारी परेड, संध्याकाळी गेम्स, रात्री रोल कॉल. फील्डमध्ये जवानाला धोका जास्त, पण पीसमध्ये त्याला फुरसत कमी, हे बाहेरच्याला पटत नाही. तीस महिन्यांतले पंधरा-सोळा महिने खऱ्या अर्थाने तुमच्या वाट्याला आले तर चांगले आले म्हणा. तुमचे चौदा त्या मानाने वाईट नाहीत. हे सांत्वन म्हणून सांगत नाही, हिशोबच तसा येतो.

आणि पीस म्हणजे लेखी हमी नसते. 2001 च्या उन्हाळ्यात आमची पलटण पीसला आली. नंबर लागेपर्यंत नोव्हेंबर उजाडला. बायको दोन मुलांना घेऊन आली, मी रविवारी स्वयंपाकघराला चुना लावला. तो वाळून महिना झाला नसेल, तोच 13 डिसेंबरला संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रमसाठी पलटण सरहद्दीकडे निघाली. ऑक्टोबर 2002 मध्ये माघारीचा निर्णय होईपर्यंत आम्ही वाळूत होतो. ती मुलांसोबत त्या अनोळखी छावणीत राहिली, कारण शाळा सुरू झाली होती. शेजारच्या क्वार्टरमधल्या चार बायकांनी मिळून एकमेकींची आजारपणं काढली. मला आजही ती म्हणते की पुढची बदली सोपी गेली ती त्या वर्षामुळे, कारण बँक, हॉस्पिटल, शाळा सगळं एकटीने केलेलं होतं. माझ्या चुन्याचं कौतुक मात्र तिने कधी केलं नाही.

याहून मोठं उदाहरण कारगिलचं. 13 जॅक (जम्मू-काश्मीर) रायफल्सचा काश्मीरमधला काळ संपला होता, पुढचं ठिकाण शाहजहांपूर ठरलं होतं आणि ॲडव्हान्स पार्टी (आधी जाणारी तुकडी) तिथे पोचलीसुद्धा होती. जून 1999 मध्ये हुकूम आला, पलटण द्रासला वळली आणि पुढे याच पलटणीने पॉइंट 5140 आणि पॉइंट 4875 ही शिखरं घेतली. कॅप्टन विक्रम बत्रा आणि रायफलमन संजय कुमार, दोन परमवीर चक्रं त्या एका पलटणीची. तिथल्या घरांमधल्या बायकांनीही शाहजहांपूरच्या शाळांची चौकशी केलीच असेल की.

फील्डबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पीसनंतर पुन्हा फील्ड येणारच, म्हणून थोडं सांगतो. घरी फक्त "फील्ड" म्हणून चालत नाही. एलसीवरच्या पलटणीत एक कंपनी खाली रस्त्याजवळ असते, दुसरी अशा पोस्टवर, जिथे नोव्हेंबरनंतर वाट बंद. झोजीला, गुरेझकडचा राझदान पास, तंगधारकडचा साधना पास, ही नावं तुम्ही फोनवर ऐकली असतील. बर्फ पडायच्या आत पोस्टवर रेशन, रॉकेल, औषधं चढवून ठेवतात, त्याला विंटर स्टॉकिंग म्हणतात. त्या वेळी जो वर राहिला, त्याची सुट्टी कागदावर मंजूर असली तरी वाट उघडेपर्यंत लांबू शकते. जवानाला वर्षाला साठ दिवस वार्षिक रजा आणि तीस दिवस कॅज्युअल, असे नव्वद दिवस असतात. ते कधी मिळणार हे कंपनीच्या जागेवर ठरतं. कंपन्या आपसात जागा बदलतात, त्यामुळे एका हिवाळ्यात अडकलेला पुढच्या हिवाळ्यात खाली असतो. लग्न, बारसं, घराची वास्तुशांत ठरवताना "कंपनी हिवाळ्यात कुठे असेल" हे विचारून घ्या. माझ्या बहिणीच्या लग्नाची तारीख मी डिसेंबरातली मान्य केली होती. अक्षता मी मनातल्या मनात टाकल्या.

उंचावर जायचं तर आणखी एक गोष्ट मध्ये येते. नऊ हजार फुटांच्या वर थेट नेऊन माणसाला कामाला लावत नाहीत. पहिल्या टप्प्यावर सहा दिवस, बारा हजारांच्या वर चार दिवस, पंधरा हजारांच्या वर आणखी चार, असं थांबत थांबत चढवतात. शरीर सवयीचं झालं नाही तर फुप्फुसात पाणी होतं आणि धडधाकट पोरगा रात्रीत जातो. सुट्टी काढून परत गेल्यावरही पुन्हा थोडं थांबावं लागतं. म्हणून "घरून निघून आठ दिवस झाले, अजून पोस्टवर पोचले नाहीत" याने घाबरू नका. चंदीगडच्या किंवा दिल्लीच्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये विमानाची वाट, मग लेहला थांबणं, यात दिवस जातात.

सियाचीनचा फेरा अजून वेगळा. 13 एप्रिल 1984 ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं तेव्हापासून पलटणी पाळीपाळीने तिथे चढतात. आधी बेस कॅम्पजवळच्या बॅटल स्कूलमध्ये दोरावर चालणं, भेगेत पडलेल्याला काढणं शिकवतात. मग पोस्टवर एका माणसाला साधारण नव्वद दिवस. आमच्या वेळी चिठ्ठ्या चीता हेलिकॉप्टरमधून यायच्या, रॉकेलच्या काजळीने बोटं काळी, तीन महिने अंघोळ नाही. 2017 मध्ये तिथला भत्ता जवानांसाठी महिना 30,000 आणि अधिकाऱ्यांसाठी 42,500 रुपये झाला. गावात या आकड्याची चर्चा फार होते, ज्यांनी तो घेतला ते फारसं बोलत नाहीत.

पलटण जागा कशी बदलते हे तुम्हाला कळलं तर वाट बघणं थोडं सोपं जाईल. आधी ॲडव्हान्स पार्टी जाते, काही आठवडे आधी. ती पोस्ट, बंकर, भांडार, गाड्या सगळं मोजून ताब्यात घेते. मग मुख्य तुकड्या, बहुतेक वेळा लष्कराच्या खास रेल्वेने. शेवटी मागे राहिलेली रिअर पार्टी, हिशोब चुकता करून. एलसीवरचा ताबा मी चार वेळा दिला-घेतला. पहिल्या गस्तींत जुने पुढे, नवे मागे. काही दिवसांनी नवे पुढे, जुने मागे, आणि जुना हवालदार मागून फक्त खांद्याला हात लावून थांबवतो, "इथून नको, उजवीकडून." नाला कुठे फसवा आहे, सुरुंगाचा जुना पट्टा पावसाने कुठे सरकलाय, समोरच्या पोस्टवर चहाची वेळ काय, हे नकाशावर नसतं. शेवटी बुखारी (ऊब देणारी शेगडी), जेरीकॅन, दुर्बीण, नोंदवही यांच्यावर सह्या होतात. पोस्टवरचा कुत्रा कुठल्याच यादीत नसतो, पण तोही ताब्यात दिला जातो. आमचा कालू आम्ही उतरायला लागलो तेव्हा वळणापर्यंत आला, बसला, आणि नव्या पलटणीच्या लंगरच्या (स्वयंपाकघराच्या) धुराकडे परत गेला. आम्हालाही तो आधीच्या पलटणीकडूनच मिळाला होता.

आख्खी पलटण हलवायच्या या पद्धतीत दर वेळी जमिनीची ओळख नव्याने करून घ्यावी लागते, हे खरं. तरी मी तिच्याच बाजूचा आहे. शेजारच्या माणसाला अंधारात खोकल्यावरून ओळखता येणं याची किंमत ज्याला कळली, तो तक्रार करत नाही. घरच्यांना मात्र त्याचा भार सोसावा लागतो.

आता तुमच्या जाण्याचं. माझं मत: जा. पण पलटणीबरोबर नको, तिच्या मागून.

मुलगी दुसरीत आहे, हे वय बदल सोसणारं आहे. केंद्रीय विद्यालय किंवा आर्मी पब्लिक स्कूल, दोन्हीचं नवं सत्र एप्रिलच्या सुमारास सुरू होतं. पलटण दिवाळीच्या आगेमागे पोचली, तरी तुम्ही मार्चपर्यंत गावीच थांबा. तोवर क्वार्टरचा नंबर जवळ येईल, मिस्टरांना शाळेत प्रत्यक्ष जाऊन जागा विचारता येईल. क्वार्टरचा अलॉटमेंट कागद फोनवर दाखवत नाहीत तोपर्यंत नोकरीचा राजीनामा देऊ नका. "नंबर लागल्यातच जमा आहे" हे वाक्य मीही बायकोला लिहिलं होतं. शक्य असेल तर केंद्रीय विद्यालयच धरा, कारण पुढची बदली झाली तर एका केंद्रीय विद्यालयातून दुसऱ्यात पुस्तकं आणि अभ्यासक्रम तोच राहतो. मराठी माध्यमातून जाणार असेल तर आत्तापासून रोज अर्धा तास हिंदी वाचून घ्या, पहिली सहामाही तिथेच अडते.

मग पलटण पुन्हा फील्डला जाईल तेव्हा मुलगी चौथी-पाचवीत असेल. तो खरा निर्णयाचा टप्पा. काही छावण्यांत फील्डवर गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी वेगळी एसएफ (सेपरेटेड फॅमिली) क्वार्टर असतात, कुठे किती काळ राहू देतात हे त्या त्या स्टेशनवर अवलंबून. तिथे शाळा, मिलिटरी हॉस्पिटल, कॅन्टीन हाताशी असतं आणि शेजारणी आपल्याच पलटणीच्या. पण सासूसासरे गावी एकटे असतील, शेती असेल, तुमची नोकरी परत मिळण्यासारखी असेल, तर गाव बरं. मी स्वतः मोठा पोरगा सहावीत गेल्यावर बिऱ्हाड एका जागी ठेवलं आणि दहावीपर्यंत हलवलं नाही. धाकट्याने मला त्या काळात फक्त सुट्टीतला पाहुणा म्हणून पाहिलं. एकदा मी रागावलो तर आईला म्हणाला, "हे परत कधी जाणार?" हा हिशोब प्रत्येकाने आपला आपण मांडायचा, त्यात सुभेदाराचं मत चालत नाही.

तुमचा भाऊ अग्निवीर म्हणून निवडला गेलाय असंही तुम्ही ओघात लिहिलंय. त्याला हे सगळं जसंच्या तसं लावू नका. चार वर्षांतले सुरुवातीचे महिने ट्रेनिंगमध्ये जातात, उरलेल्यात पलटणीच्या फेऱ्याचा जो तुकडा वाट्याला येईल तो. वर्षाला रजा तीसच दिवस. पुढे पंचवीस टक्क्यांपर्यंत माणसं कायम होतात, तोपर्यंत लग्नाची, क्वार्टरची घाई घरच्यांनी करू नये.

पलटण नेमकी कुठे चाललीय, गाडी कधी सुटणार, हे कळलं तरी असं चारचौघांत लिहू नका. तुम्ही प्रश्नात जागेचं नाव टाळलंत, ते बरं केलंत.

आणि एक काम याच सुट्टीत. लग्नाची आणि दोन्ही मुलांच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर (लष्करी कागदपत्रांतली अधिकृत नोंद) झालीय का, नावांची स्पेलिंग जन्मदाखल्याशी जुळतात का, हे मिस्टरांना क्लार्ककडून बघून घ्यायला सांगा. क्वार्टर, डिपेंडंट कार्ड, हॉस्पिटल, सगळं त्या कागदावर उभं आहे. माझ्या धाकट्याची ऑर्डर मी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत दीड वर्ष ठेवली होती. त्याला पहिल्यांदा ताप भरला त्या रात्री एमआय रूमच्या (लष्करी दवाखान्याच्या) खिडकीतल्या शिपायाने रजिस्टर दोनदा चाळलं आणि विचारलं, "साहेब, हा कोण?"